डॅशबोर्डच्या कप्प्यातली वही: छोटी एसयूव्ही कशी सांभाळावी

माझ्या गाडीच्या डॅशबोर्डच्या कप्प्यात एक दोनशे पानी वही आहे. गाडी ताब्यात घेतली त्या दिवशी पहिल्या पानावर तारीख लिहिली आणि शेजारी मीटरचा आकडा: ११ किलोमीटर. आज नऊ वर्षांनी तो आकडा १ लाख ३८ हजारांपुढे गेलाय. गाडी तीच आहे, छोटं टर्बो पेट्रोल इंजिनही तेच. नवी एसयूव्ही घेतलेलं कुणी मला निगेबद्दल विचारलं की मी आधी वही करायला सांगते. हवा भरली, ऑइल बदललं, कुठून नवा आवाज आला, सगळं तारीख आणि किलोमीटरसकट लिहायचं. का, ते वॉरंटीच्या गोष्टीवरून कळेल.

वॉरंटीचं पुस्तक गाडी घरी आल्याच्या आठवड्यातच वाचून काढा. ‘वर्षं किंवा किलोमीटर, जे आधी संपेल ते’ ही अट सगळ्यांना माहीत असते, पण काय बसतं आणि काय बसत नाही हे फार थोडे वाचतात. वॉरंटी असते ती बनवण्यातल्या दोषाला. ब्रेक पॅड, वायपर, क्लच प्लेट, फिल्टर अशा झिजणाऱ्या वस्तू बहुधा तिच्या बाहेर असतात. टायर आणि बॅटरीची जबाबदारी बऱ्याचदा त्या-त्या उत्पादकाकडे असते, म्हणून त्यांची कार्डं वेगळी जपून ठेवा. बाहेरून दिवे किंवा हॉर्न बसवताना मूळ वायर कापली, तर पुढे वायरिंगच्या तक्रारीवर हात वर केले जाऊ शकतात. वाढीव वॉरंटी घ्यायची असेल तर मूळ वॉरंटी संपण्याआधी घ्यावी लागते का, ते बघा. आणि तिच्यातली ‘समाविष्ट नाही’ ही यादी आधी वाचा, बाकीचं नंतर.

आता माझी गोष्ट. माझी वॉरंटी ३ वर्षांची होती. २ वर्षं १० महिने झाले असताना गतिरोधकावरून उतरताना मागून उजवीकडे ‘धप्प’ असा आवाज येऊ लागला. टॉर्च घेऊन चाकाशेजारी उकिडवी बसले. शॉक ॲब्सॉर्बरच्या नळीवर एरवी कोरडी धूळ असते, तिथे काळा चिकट थर होता. बोट फिरवलं तर बोटाला तेल लागलं. सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितलं, ‘ताई, एवढा ओलावा येतोच, चालवा.’ हलका ओलावा खरंच येतो, त्यामुळे त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पण मी तिथून हलले नाही. ‘मागचा उजवा शॉक ॲब्सॉर्बर, तेलाचा ओलावा, उतरताना आवाज’ हे जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रारी लिहितं त्या कागदावर, जसंच्या तसं लिहून घेतलं, ४१,२०० किलोमीटर हा आकडाही घातला आणि प्रत मागून घेतली. चार महिन्यांनी तिथून तेल ठिबकू लागलं. तोवर वॉरंटी संपून दोन महिने झाले होते. आधी नकारच मिळाला. मी जॉब कार्ड पुढे केलं. तक्रार मुदतीतली आहे हे कागदावरच होतं, त्यामुळे मागचे दोन्ही शॉक ॲब्सॉर्बर बदलून मिळाले.

म्हणून वॉरंटी संपायच्या तीन महिने आधी गाडी लिफ्टवर चढवून खालून नीट बघून घ्या आणि सापडेल ते जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘जनरल चेकअप’ एवढंच लिहिलेलं कार्ड पुढे काही कामाचं नसतं.

सर्व्हिसचं म्हणाल तर गाडी कमी चालते म्हणून सर्व्हिस पुढे ढकलू नका. ऑइल नुसतं उभ्या गाडीतही जुनं होतं. पुस्तकात जो ग्रेड दिलाय तोच घाला. माझ्या गाडीला ०डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल लागतं. मेकॅनिकने ‘जाड ऑइल बरं’ म्हणून दुसरं सुचवलं तरी मी घेत नाही, कारण या इंजिनातल्या फटी पातळ ऑइलच्या हिशेबाने ठेवलेल्या असतात. डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची पट्टी, बघताना गाडी सपाट जागी हवी आणि इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. एकदा पुसून, पुन्हा बुडवून वाचायचं. पातळी कमी झालेली सगळ्यांच्या लक्षात येते, वाढलेली सुटते. छोट्या टर्बो इंजिनाच्या गाडीने रोज दोन-तीन किलोमीटरच्याच फेऱ्या मारल्या की ते पुरतं तापत नाही आणि पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला आणि पातळी चढलेली दिसली, तर ऑइल बदला आणि आठवड्यातून एकदा तरी गाडीला अर्ध्या-पाऊण तासाची सलग धाव द्या. डिझेलवाल्यांनाही ही धाव हवीच. त्यांच्या एक्झॉस्टमधल्या फिल्टरमधली काजळी जळायला ६०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं आणि ते थांबत-थांबत चालवून मिळत नाही.

ब्रेक ऑइलकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. ते हवेतला ओलावा शोषून घेतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंशांना उकळायला हवं, ओलावा मुरला की हीच मर्यादा १५५ अंशांवर येते. भरलेली गाडी घेऊन लांब उतार उतरताना ब्रेक तापतात, ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पाय खाली जातो पण गाडी थांबत नाही. त्यामुळे पुस्तकात वेगळं काही नसेल तर दर दोन वर्षांनी बदला. रंग बघून ठरवू नका. इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटचं झाकण गरम इंजिनावर कधीच उघडू नका. केबिन फिल्टर बहुधा डॅशबोर्डच्या कप्प्यामागे असतो, तो घरीच बदलता येतो. सिग्नलला आपोआप इंजिन बंद होणारी गाडी असेल तर बॅटरी त्याच जातीची बसवा, साधी बसवली तर लवकर मरते.

आता टायर. इथे मी वेळ घेणार आहे, कारण रस्त्याला टेकतात ते तळहाताएवढे चार तुकडेच.

माझ्या टायरवर २१५/६० आर १७ ९६ एच असं लिहिलंय. रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची त्याच्या ६० टक्के, म्हणजे १२९ मिलिमीटर, आणि रिम १७ इंची. ९६ म्हणजे एका टायरवर ७१० किलोपर्यंत भार, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. एसयूव्ही तेवढ्याच लांबीच्या हॅचबॅकपेक्षा जड असते, तेव्हा बसतो म्हणून कमी भाराचा टायर घालू नका.

टायरचं वय त्याच्यावरच छापलेलं असतं. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे शोधा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ६२ हजारांवर मी चारही टायर बदलले, तेव्हा तीन टायरांवर ०८२० होतं, २०२० सालचा आठवा आठवडा. चौथ्यावर ३९१७. दिसायला चारही सारखेच काळे कुळकुळीत, पण एक सव्वादोन वर्षांहून जुना. बसवण्याआधी बघितलं म्हणून बदलून मिळाला. हे आकडे बऱ्याचदा एकाच बाजूला असतात, त्यामुळे चाक चढवल्यावर ते आत जाऊ शकतात. आधीच वाचा.

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला असतो तो कमाल दाबाचा, तेवढी हवा भरायची नसते. स्टिकरवर कमी माणसांसाठी आणि पूर्ण भरलेल्या गाडीसाठी असे दोन आकडे असतात, लांब जाताना दुसरा धरा. मोजायची ती गार टायरवर, गाडी तीनेक तास उभी राहिल्यावर. चालवून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो म्हणून हवा सोडू नका. तापमान १० अंशांनी उतरलं की हवा साधारण २ पीएसआय (दाबाचं माप) कमी होते, त्यामुळे थंडी सुरू होताच मी मोजते. डॅशबोर्डवरच्या दिव्यावर विसंबू नका. पुष्कळ गाड्यांत तो दाब पाव हिश्शाने उतरल्यावरच लागतो, म्हणजे ३३चे २५ होईपर्यंत तुम्हाला पत्ता नसतो. स्वतःचा गेज घ्या.

महिन्यातून एकदा टायरवर हात फिरवा. तळहात सपाट ठेवून नक्षीवरून बाहेरून आत, मग आतून बाहेर. २८ हजारांवर पुढच्या डाव्या टायरवर आत जाताना हात सरकला आणि परत येताना करवतीच्या दात्यांसारखा अडकला. स्टिअरिंग सरळ होतं, गाडी कुठे ओढत नव्हती, डोळ्यांना काही दिसतही नव्हतं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा, तपासल्यावर चाकं पुढून आत वळलेली निघाली. दोन्ही कडा झिजल्या तर हवा कमी, मधला पट्टा झिजला तर जास्त, एकच कड झिजली तर अलाइनमेंट, आणि जागोजागी खड्डे पडले तर बॅलन्सिंग किंवा शॉक ॲब्सॉर्बर बघा. भिंतीला फुगा आला तर आतले धागे तुटलेत. त्याला दुरुस्ती नाही, टायर काढाच. पंक्चरही मधल्या नक्षीतलंच काढून घ्या, भिंतीतलं नाही.

खाचांच्या तळाशी आडव्या पट्ट्या असतात, १.६ मिलिमीटर उंचीच्या. नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. मी मात्र ३ मिलिमीटरला बदलते, कारण पावसात पाणी बाजूला सारायला खाचच उरत नाही. दोनच नवे घ्यायचे असतील तर मागे लावा, इंजिनाचा जोर पुढच्या चाकांना मिळणारी गाडी असली तरीही. ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर सावरणं फार कठीण. चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी असेल तर टायरांच्या झिजेत फरक ठेवू नका, चाकांचे घेर वेगळे पडले की जोडणारी यंत्रणा तापते. दर १० हजारांवर टायरांच्या जागा आळीपाळीने बदलून घ्या आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालवून नट पुन्हा आवळून घ्या.

स्टेपनी लोक विसरतात. ती बारीक, तात्पुरती असेल तर तिला बहुधा ६० पीएसआय हवा लागते आणि ताशी ८० किलोमीटरच्या वर चालवायची नसते. उजेडात, सवडीने, एकदा स्वतः चाक बदलून बघा. जॅक कुठे टेकवायचा याची खूण दाराखालच्या पट्टीवर चाचपून ठेवा. माझ्या अलॉय चाकांना प्रत्येकी एक लॉक नट आहे आणि त्याची छोटी चावी नसेल तर जॅक, पाना, स्टेपनी असूनही चाक निघत नाही. ती चावी मी वहीच्या शेजारी ठेवते आणि चाकांचं काम करून गाडी परत आली की निघण्याआधी कप्पा उघडून ती जागेवर आहे ना, ते बघते.