सायकॉलॉजी घ्या नाहीतर कॉम्प्युटर, पण फॉर्म भरताना या चुका टाळा

बारावीचा रिझल्ट लागला की नागपुरात प्रत्येक घरी एक काका उगवतातच, सीएस, म्हणजे कॉम्प्युटर सायन्स, घेऊन टाक बेटा, मिहानच्या आयटी कंपन्यांमध्ये लागून जाईल. काकांचं ऐका, पण फॉर्म त्यांच्या भरवशावर भरू नका.

सगळ्यात जास्त पोट्टे फसतात ते कॅपच्या, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये, जिथे कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा असतो. आधी सीट तर मिळू दे म्हणून सोपं कॉलेज एक नंबरवर टाकतात आणि खरं पाहिजे ते चौथ्यावर, मग पहिल्या राउंडला एक नंबरचंच लागतं, सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की, होते आणि पुढच्या राउंडमधून बाहेर. अरे, वरचं नाही लागलं म्हणून खालच्याचा चान्स कमी होत नाही न, तिथे तुमचं मेरिटच बघतात. म्हणून क्रम आवडीचाच ठेवा, बिनधास्त. आणि व्हीएनआयटी, ट्रिपल आयटीची बीटेक या लिस्टमध्ये शोधू नका, ते जेईई मेनवर, जोसा या देशपातळीच्या सीट वाटपातून.

इंजिनिअरिंग नाही तर बीसीए आहेच, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात ठेवा की 2024 पासून एआयसीटीई (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) मान्यतेच्या बीसीएला वेगळी सीईटी आहे, तो फॉर्म रिझल्टच्या आधीच निघून जातो. बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सच्या अ‍ॅडमिशनचं वेगळं.

एआय, डेटा सायन्स अशी नावं बघून भुलू नका, सिलॅबसची पीडीएफ उघडा आणि साध्या सीएसच्या बाजूला ठेवून बघा, पहिलं वर्ष तर बरंचसं सारखंच निघतं.

आता सायकॉलॉजी. मॅथ्स नको म्हणून इकडे येणाऱ्यांना स्टॅटिस्टिक्स भेटतेच, मीन, स्टँडर्ड डेव्हिएशन, कोरिलेशन, सगळं. आणि बीए झालं की क्लिनिक टाकू हे तर डोक्यातून काढूनच टाका. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला आरसीआयचं (भारतीय पुनर्वास परिषद) रजिस्ट्रेशन लागते, ते आरसीआय मान्यतेचा कोर्स केल्यावरच, साध्या एमएवर नाही. गोळ्या लिहून देतो तो सायकियाट्रिस्ट, त्याचा रस्ता एमबीबीएसवरूनच जातो, हे घरच्यांनाही एकदा समजावून सांगा. नोकरी करता करता डिस्टन्समधून सायकॉलॉजी करतो म्हणाल तर यूजीसीने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सेशनपासून डिस्टन्स आणि ऑनलाइन दोन्ही बंद केलं आहे, तरी कोणी अ‍ॅडमिशन देऊन राहिला असेल तर पैसे भरायच्या आधी यूजीसीच्या साइटवर त्याची मान्यता बघा.