बीएस्सी मायक्रोला (मायक्रोबायोलॉजी, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्राला) प्रवेश घेताना या चुका टाळा

पीयूसीचा (कर्नाटकातल्या बारावीचा) निकाल लागला की निपाणी, चिकोडी, खानापूरकडून एकच विचारणा सुरू होते: "मायक्रोला फी किती?" फोनवर आकडा ऐकायचा आणि सगळ्यात कमी असेल तिथे दुसऱ्या दिवशी पैसे भरून मोकळं व्हायचं. म्हैस घेतानासुद्धा माणूस आधी दूध काढून बघतो.

पहिल्या वर्षाच्या फीवर तुलना. कर्नाटकात 2024-25 पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी आली, महाराष्ट्रात चार वर्षांच्या ऑनर्सची सोय आहे. म्हणून "कोल्हापूरला एक वर्ष जादा" असं ऐकू येतं. एमएस्सी करायचीच असेल तर तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, पाचच वर्षं. मात्र त्या विद्यापीठात एका वर्षाची एमएस्सी खरंच सुरू आहे का, हे आधी विचारा. मग पाचही वर्षांचा खर्च एका कागदावर मांडा: फी, परीक्षा फी, जर्नल, ॲप्रन, खोली, प्रवास. रोज 100 रुपये बसला गेले तरी 220 दिवसांचे 22,000 होतात. मुलींसाठी कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेचा मोफत बसप्रवास कर्नाटकाच्या हद्दीपुरताच धरा.

लॅब न बघता प्रवेश. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चिकोडीकडचा एक मुलगा, मार्क उत्तम, गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीत मुलाखतीला गेला. हातात लूप (टोकाला कडी असलेली तार) आणि जंतू वाढवायची प्लेट दिली, स्ट्रीक कर म्हणाले, म्हणजे जंतू प्लेटवर रेघा ओढून पसरव. त्याने लूप लाल केला आणि गार न करताच कल्चरमध्ये, म्हणजे वाढवलेल्या जंतूंमध्ये, बुडवला. चर्र आवाज झाला, लुपावरचे जंतू तिथेच मेले. तीन वर्षांत त्याने स्ट्रीकिंग फक्त लांबून पाहिलं होतं.

कॉलेज म्हणतं, "मीडिया महाग, म्हणून डेमो देतो." मीडिया म्हणजे जंतूंचं खाद्य. हिशेब करा. न्यूट्रिअंट अगार हा नेहमीचा मीडिया लिटरला 28 ग्रॅम, प्लेटला 20 मिली. वीस मुलांना दोन-दोन प्लेट्स दिल्या तर 800 मिली, म्हणजे 22.4 ग्रॅम. 500 ग्रॅमच्या एका डब्यात अशी 22 प्रॅक्टिकल होतात. अडचण पैशांची नसते. मीडिया ओतायला, ऑटोक्लेव्ह (वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) 121 अंशांवर 15 मिनिटं चालवायला आणि वापरलेल्या प्लेट्स पुन्हा निर्जंतुक करायला माणूस नेमलेला नसतो. प्रवेशाच्या दिवशी सगळं चकाचक दिसतं, म्हणून चालू सत्रात जा. सूक्ष्मदर्शकाच्या ऑइल इमर्शनच्या (तेल लावून वापरायच्या) लेन्सवर जुनं तेल वाळलेलं असेल तर निगा राखत नाहीत, हे समजून घ्या. इन्क्युबेटरमध्ये (जंतू वाढवायच्या उबदार कपाटात) आजच्या तारखेच्या प्लेट्स आहेत का, तेही बघा.

"100 टक्के प्लेसमेंट". कितीपैकी? पास झालेल्यांपैकी की नाव नोंदवलेल्यांपैकी? आणि काम क्यूसी (गुणवत्ता तपासणी) लॅबचं की औषधविक्रीचं?

रक्ततपासणीच्या लॅबसाठी मायक्रो. तो रस्ता एमएलटीचा, म्हणजे मेडिकल लॅब टेक्नॉलॉजीचा.

स्कॉलरशिप गृहीत धरणं. स्कॉलरशिपच्या अर्जाची कर्नाटकाची वेबसाइट एसएसपी आणि महाराष्ट्राची महाडीबीटी, दोन्ही वेगळ्या. महाराष्ट्राचं डोमिसाईल (रहिवासी दाखला) नसताना महाडीबीटीचे पैसे हिशेबात घेऊ नका. अभियांत्रिकी प्रवेशातली सीमाभागाची सवलत बीएस्सीला आपोआप लागत नाही.

साखर कारखाना डोळ्यांपुढे ठेवणं. कारखान्याच्या लॅबला केमिस्ट्रीवाला लागतो. मायक्रोवाल्याचं काम यीस्टपाशी, म्हणजे डिस्टिलरीत (मद्यार्क बनतो तिथे), नाहीतर दूध डेअरीत. अन्न सुरक्षा अधिकारी पदाला मायक्रोची पदवी चालते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं.