गाडीची चावी फिरतच नाहीये? आधी हे करून बघा

चावी आत जाते पण फिरत नाही, म्हणजे लगेच लॉक गेलं असं समजू नका, बऱ्याचदा नुसतं स्टीअरिंग लॉक अडकलेलं असतं. चाकं वळवून पार्क केली, नाहीतर चावी काढल्यावर स्टीअरिंगला धक्का लागला की आतल्या खिट्टीवर ताण येतो. एका हाताने स्टीअरिंग डावीउजवीकडे हलवत राहायचं आणि दुसऱ्या हाताने चावी हळूच फिरवायची, ज्या बाजूला थोडं सैल लागतं तिकडे दाबून धरा, खटकन सुटतं. ऑटोमॅटिक असेल तर गिअर पी मध्येच आहे ना तेही बघा.

तरी नाही झालं तर स्पेअर चावी लावा. रोजची चावी झिजते, तिचे दात गोल होतात आणि आतल्या पत्र्या नीट बसत नाहीत. स्पेअरने फिरली तर दोष चावीचाच, लॉकला हात लावू नका.

दोन्ही अडकत असतील तर मात्र ग्रॅफाइट पावडर. हार्डवेअरवाल्याकडे मिळते, नाहीच मिळाली तर पेन्सिलीचं शिसं चावीवर घासा आणि आत-बाहेर करा पाचसात वेळा. खोबरेल, इंजिन ऑइल असलं काही ओतू नका, आमच्याकडे एकदा हा उद्योग झालाय, धूळ चिकटून आत नुसता चिखल.

आणि पक्कड लावून तर अजिबातच नको, चावी आतच तुटते. लॉकचा सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो आतला भाग, बदलायची वेळ आली तर सरळ मेकॅनिककडे, स्टीअरिंगपाशी एअरबॅगच्या वायरी असतात.