गेमच्या बॅकअप फाईली लावायच्या कशा, नावं बदलायची कशी

अखाजीला बहीण माहेरी आली, सोबत भाचा. धुळ्याचं ऊन दुपारी बाहेर पडू देत नाही, म्हणून त्याने टीव्हीला जोडलेला छोटा संगणक सुरू केला आणि दिवाळीच्या सुट्टीपासून चाललेला त्याचा पोकेमॉन एमराल्ड उघडला. पडद्यावर दोनच ओळी आल्या: न्यू गेम आणि ऑप्शन. कंटिन्यूची ओळ गायब. त्याचे सहा बॅज झाले होते. माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, मना गेम कथा गया?"

गेम कुठेच गेला नव्हता. आदल्या आठवड्यात मी सगळ्या फाईलींची नावं एकसारखी केली होती. एमराल्डच्या फाईलचं नाव बदललं, तिची सेव्ह फाईल, म्हणजे खेळ कुठवर आला ते जपून ठेवणारी फाईल, मात्र दुसऱ्या फोल्डरमध्ये जुन्याच नावाने राहिली. दोन्ही नावं जुळवल्यावर कंटिन्यू परत आलं, पण तोवरचा अर्धा तास त्या पोराचं तोंड बघवत नव्हतं. पूर्ण काम कोणत्या क्रमाने करायचं, हे मी त्यानंतर नीट ठरवलं. तो क्रम इथे देतो.

आधी दोन शब्द. गेम प्रत्यक्ष चालवतो तो इम्युलेटर. सगळ्या मशीनचे गेम एका पडद्यावर चित्रांसह मांडून दाखवतो तो फ्रंटएंड. ईएस-डीई आणि लाँचबॉक्स ही त्यातली माहितीतली नावं. रेट्रोआर्क दोन्ही कामं करतो. या लेखात फाईलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, संगणकावर ती इंग्रजी अक्षरांतच ठेवायची. आणि हे सगळं आपल्या स्वतःच्या कॅसेटवरून किंवा सीडीवरून काढलेल्या प्रतींबद्दल आहे. भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 कायदेशीर प्रत जवळ असणाऱ्याला संगणक प्रोग्रामची बॅकअप प्रत ठेवू देतं, तेही मूळ प्रत हरवली किंवा खराब झाली तर उपयोगी पडावी म्हणून. वाटायला किंवा विकायला नाही.

सगळ्यात आधी, दुसऱ्या डिस्कवर पूर्ण कॉपी

गेम, सेव्ह, स्टेट (खेळाच्या मध्येच जतन केलेला क्षण), चित्रं, प्लेलिस्ट, सगळं जसंच्या तसं दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्या. कट-पेस्ट करू नका, कॉपीच करा. आमच्याकडे मे महिन्यात लाईट कधी जाईल सांगता येत नाही. कॉपी चालू असताना गेली, तर शेवटची फाईल अर्धवट राहते आणि नाव मात्र पूर्ण दिसतं. म्हणून कॉपी झाली की दोन्हीकडच्या फाईलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का ते बघा. पेनड्राइव्ह किंवा कार्ड एफएटी32 मध्ये फॉरमॅट केलेलं असेल, तर त्यावर 4 जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही. प्लेस्टेशन 2 च्या मोठ्या डीव्हीडीची प्रत तिथेच अडते. त्यासाठी एक्सफॅट वापरा.

फोल्डर मशीनप्रमाणे

फ्रंटएंड गेम कोणत्या मशीनचा आहे हे बहुतेक वेळा फोल्डरच्या नावावरून ठरवतो. ईएस-डीईमध्ये 'रॉम्स' या फोल्डरच्या आत एनईएस आणि एसएनईएस (निन्टेन्डोची जुनी मशीन), मेगाड्राइव्ह (सेगाचं), जीबीए (गेम बॉय ॲडव्हान्स), पीएसएक्स (पहिलं प्लेस्टेशन) अशी ठरलेली नावं असतात. ती तशीच ठेवा, 'माझे मारिओवाले' असं काही करू नका. लिनक्सवर मोठी लिपी आणि छोटी लिपी वेगळी धरली जाते, त्यामुळे तिथे फोल्डरचं नाव सगळं छोट्या अक्षरांतच हवं.

बायोस फाईली, म्हणजे मशीन सुरू करणारा तिचा स्वतःचा प्रोग्राम, गेमच्या फोल्डरमध्ये टाकू नका. रेट्रोआर्कमध्ये त्या 'सिस्टम' फोल्डरमध्ये जातात आणि त्यांचं नाव अक्षर न अक्षर ठरलेलं असतं. मोठी साफसफाई करताना हीच नावं आधी बिघडतात आणि मग प्लेस्टेशनचा एकही गेम चालत नाही.

नाव बदलण्याआधी गेम ओळखा

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या. फाईलच्या नावावर विश्वास ठेवायचा नाही, कारण नाव कुणीही काहीही देतं. फाईलच्या आतल्या मजकुरावरून एक आकडा काढता येतो. सीआरसी32 हा छोटा आकडा, एसएचए1 हा लांबलचक. नाव काहीही असो, आतला मजकूर तोच असेल तर आकडाही तोच येतो. सेव्हन-झिप टाकलेलं असेल तर फाईलवर राइट क्लिक करा, 'सीआरसी एसएचए' निवडा, आकडा समोर येतो. गेम झिपमध्ये असेल तर झिपचा आकडा काढून उपयोग नाही, आतल्या फाईलचा हवा. सेव्हन-झिपमध्ये झिप उघडली की सीआरसीचा रकाना दिसतो, तो वाचा.

हा आकडा जुळवायचा तो याद्यांशी. कॅसेटवाल्या गेमसाठी नो-इंट्रो आणि सीडी-डीव्हीडीसाठी रिडम्प, या दोन मंडळींनी खऱ्या कॅसेटा आणि डिस्क तपासून याद्या केल्या आहेत. त्यांना डॅट फाईल म्हणतात. रॉमव्हॉल्ट किंवा सीएलआरमेमप्रो यांसारखं सॉफ्टवेअर तुमचं फोल्डर आणि डॅट फाईल समोरासमोर ठेवतं आणि जुळलेल्या फाईलीला यादीतलं बरोबर नाव देतं. शंभर-दोनशे गेम असतील तर हाच रस्ता धरा, हाताने नावं टंकत बसू नका. फक्त ही सॉफ्टवेअरं फाईली हलवतातही, म्हणून ती चालवायची कामाच्या प्रतीवर, मूळ प्रतीवर नाही.

आकडा जुळला नाही म्हणजे फाईल खराबच, असं नाही. एनईएसच्या फाईलीच्या सुरुवातीला 16 बाइटचं हेडर, म्हणजे गेमबद्दलच्या माहितीचा तुकडा, असतं, त्यामुळे हेडरसकट आणि हेडरविना आकडा वेगळा येतो. एसएनईएसच्या जुन्या प्रतींना 512 बाइटचं जास्तीचं हेडर चिकटलेलं असतं. ते ओळखायला सोपं आहे. एक एमबीच्या गेमचा आकार 10,48,576 बाइट हवा. प्रॉपर्टीजमध्ये 10,49,088 दिसला तर तेच 512 बाइट जास्तीचे आहेत. निन्टेन्डो 64 मध्ये तर एकाच गेमच्या बाइट तीन वेगवेगळ्या क्रमांनी साठवलेल्या सापडतात: झेड64, व्ही64 आणि एन64. गेम एक, आकडे तीन. यादी झेड64 चा क्रम मानते.

आपल्या लहानपणच्या टीव्ही गेमच्या कॅसेटा, ज्यांवर '9999 इन 1' लिहिलेलं असायचं आणि आत तेच दहा-वीस गेम फिरून फिरून यायचे, त्या अधिकृत गेमच्या यादीशी जुळणार नाहीत. भाषांतर केलेले किंवा बदल केलेले गेमही नाहीत. त्यांच्यासाठी वेगळं फोल्डर करा.

नावातले कंस काढू नका

जळगाव म्हटलं की आपण आपलं जळगाव समजतो, पण बुलढाण्याकडच्या माणसाला जळगाव जामोद आठवतं. गेमचं तसंच. नावापुढच्या कंसात यूएसए, युरोप, जपान असं लिहिलेलं असतं ते शोभेसाठी नाही. कॉन्ट्रा युरोपात 'प्रोबोटेक्टर' नावाने आला आणि त्यात माणसांच्या जागी रोबोट होते. युरोपातले टीव्ही 50 हर्ट्झचे, अमेरिका-जपानचे 60 हर्ट्झचे, त्यामुळे युरोपची आवृत्ती बऱ्याच गेममध्ये हळू चालते. एकाच गेमच्या तीन प्रती असतील, तर ठेवायची कोणती हे या कंसावरूनच ठरतं. मी यूएसएची ठेवतो. इंग्रजी असते आणि वेगही बरोबर असतो.

'रेव्ह 1' म्हणजे कंपनीने चुका दुरुस्त करून काढलेली पुढची आवृत्ती. जुन्या संग्रहांत चौकोनी कंसात उद्गारचिन्ह किंवा 'बी' अक्षर दिसतं. ती गुडटूल्स नावाच्या जुन्या पद्धतीची खूण आहे. उद्गारचिन्ह म्हणजे तपासलेली प्रत, बी म्हणजे खराब प्रत. यादीत 'लेजेंड ऑफ झेल्डा, द' असा 'द' मागे का, असं वाटेल. नावं अकारविल्हे लावताना सगळे 'द' एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून. तो पुढे आणू नका, फ्रंटएंड दाखवताना बघून घेतो.

विंडोजच्या पॉवरटॉइजमधल्या पॉवररिनेमने शेकडो नावं एकदम बदलता येतात आणि बदल आधी बघताही येतो. सोय मोठी आहे, पण कंसातलं सगळं उडव असा आदेश कधीही देऊ नका. 'डिस्क 1' आणि 'डिस्क 2' दोन्ही कंसातच असतात. कंस गेला की दोन फाईलींचं नाव एकच होतं.

सीडीचे गेम

प्लेस्टेशनची सीडी काढली की साधारण दोन फाईली मिळतात. मोठी बिन, जिच्यात गेम असतो, आणि एवढीशी क्यू. ही क्यू नोटपॅडमध्ये उघडा. पहिल्याच ओळीत 'फाईल', मग अवतरणचिन्हांत बिन फाईलचं पूर्ण नाव, मग 'बायनरी' असं दिसेल. पुढे ट्रॅकच्या ओळी. म्हणजे क्यू बिनला नावाने हाक मारते. तुम्ही बाहेरून बिनचं नाव बदललं आणि क्यूच्या आत जुनंच राहिलं, तर हाक रिकामी जाते आणि गेम उघडत नाही. दोन्हींची नावं बदला आणि नोटपॅडमधली ती ओळही बदला. काही गेममध्ये संगीताचे ट्रॅक वेगळे असतात आणि वीस-पंचवीस बिन फाईली असतात. तिथे प्रत्येक ओळ बदलावी लागते.

यातून सुटायचं तर सीएचडी करा. मेम या आर्केड मशीनच्या (नाणं टाकून खेळायच्या) गेमच्या इम्युलेटरसोबत येणाऱ्या सीएचडीमॅन या छोट्या प्रोग्रामला क्यू दिली की सगळं मिळून एक दाबलेली फाईल होते. जागा वाचते, आत कुणाचं नाव अडकत नाही, पुढे नाव बदललं तरी तुटत नाही. मी आता सीडीचे गेम आधी सीएचडी करतो आणि मगच नावं बघतो. रिडम्पशी आकडा मात्र सीएचडी करण्याआधी जुळवून घ्यायचा.

फायनल फँटसी 7 तीन डिस्कचा आहे. फ्रंटएंडमध्ये तो तीनदा दिसतो आणि डिस्क बदलताना गोंधळ होतो. नोटपॅडमध्ये एका ओळीत एक, अशी तिन्ही सीएचडी फाईलींची नावं लिहा आणि ती फाईल एम3यू या एक्सटेन्शनने सेव्ह करा. गेम उघडायचा तो या फाईलीतून. ईएस-डीईमध्ये आणखी एक सोय आहे: फोल्डरला एम3यू फाईलचंच पूर्ण नाव, एक्सटेन्शनसकट, दिलं आणि ती फाईल व डिस्क त्यात ठेवल्या, तर यादीत एकच नोंद दिसते.

आर्केडच्या झिपला हात लावू नका

भुसावळ स्टेशनचा कोड बीएसएल, जळगावचा जेएल. तिकिटावर तो कोड आपण आपल्या सोयीने बदलत नाही, कारण रेल्वेची यंत्रणा कोडच ओळखते. मेमचंही असंच आहे. स्ट्रीट फायटर 2 ची झिप 'एसएफ2' नावाचीच हवी. तिला पूर्ण नाव दिलं की मेम ती ओळखत नाही. ती उघडून आतल्या फाईली बाहेरही काढू नका. पडद्यावर पूर्ण नाव दाखवायचं काम फ्रंटएंडचं.

सेव्ह फाईली

आता भाच्याच्या प्रश्नाकडे. रेट्रोआर्क सेव्ह फाईलीला गेमच्या फाईलीचंच नाव देतो आणि पुढे एसआरएम हे एक्सटेन्शन लावतो. मध्येच जतन केलेल्या क्षणाची फाईल 'स्टेट' एक्सटेन्शनने असते. स्वतंत्र एमजीबीए वापरत असाल तर सेव्हचं एक्सटेन्शन एसएव्ही. गेमचं नाव बदलायचं तर या सगळ्यांची नावं त्याच वेळी बदला, एक्सटेन्शन तसंच ठेवून. जुनं नाव आणि नवं नाव अशी दोन रकान्यांची यादी वहीत किंवा एक्सेलमध्ये ठेवा. काही चुकलं तर परत येण्याची वाट त्या वहीतच असते.

नव्या नावाने गेम एकदा उघडून काही वेळ खेळलात, तर नवी रिकामी सेव्ह तयार झालेली असू शकते. जुनी एसआरएम त्या जागी आणण्याआधी इम्युलेटर पूर्ण बंद करा. नाही तर बंद होताना तो रिकामी सेव्ह पुन्हा वर लिहून टाकतो.

फ्रंटएंडला नव्याने सांगा

रेट्रोआर्कची प्लेलिस्ट प्रत्येक गेमचा पूर्ण पत्ता लिहून ठेवते. नाव बदललं की तो पत्ता चुकतो. प्लेलिस्ट काढून टाका आणि फोल्डर परत स्कॅन करा. प्लेलिस्ट गेली तरी गेमच्या फाईली जागेवरच राहतात. चित्रं दिसत नसतील तर चित्राचं नाव आणि प्लेलिस्टमधलं नाव ताडून बघा. गेमच्या नावात अँडचं चिन्ह, अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असेल तर चित्राच्या नावात त्या जागी अंडरस्कोर लागतो. ईएस-डीईमध्ये चित्रं गेमच्या फाईलीच्या नावानेच शोधली जातात, तीही फाईलीसोबत बदला, नाहीतर परत स्क्रेप करा, म्हणजे चित्रं इंटरनेटवरून पुन्हा उतरवून घ्या.

पडद्यावर फक्त सुटसुटीत नाव दिसावं एवढीच इच्छा असेल, तर फाईलीला हात लावायची गरजच नाही. ईएस-डीईमध्ये गेमच्या मेटाडेटात (गेमबद्दलच्या माहितीत) जाऊन नावाची ओळ बदला. ते नाव गेमलिस्ट नावाच्या एक्सएमएल फाईलीत लिहिलं जातं आणि मूळ फाईल, सेव्ह, चित्रं सगळी जागच्या जागी राहतात. हे मला आधी माहीत असतं तर भाच्याची सेव्ह हललीच नसती.

शेवटी प्रत्येक मशीनचा निदान एक गेम उघडून बघा. सीडीवाल्यात डिस्क बदलून बघा. ज्या गेममध्ये घरातल्या कुणाची सेव्ह आहे तो प्रत्येक गेम उघडा आणि कंटिन्यू दिसतं का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पहिल्या दिवशी काढलेली पूर्ण कॉपी तोवर तशीच राहू द्या. आमच्याकडे ती दुसऱ्या डिस्कवर अजून आहे. भाचा पुढच्या सुट्टीत येऊन आठवा बॅज घेईपर्यंत मी ती पुसणार नाही.