घरच्या फोटोग्राफीसाठी पहिला मायक्रोस्कोप घेताना

खोक्यावर ठळक छापलेल्या ‘१२०० पट’ला भुलू नका. प्लॅस्टिकच्या भिंगातून मोठं दिसतं, पण नुसतं धूसर. आधी काय टिपायचंय ते ठरवा. मिरामार किनाऱ्यावरची वाळू, शिंपल्यांचे तुकडे, मुंगीचं डोकं यांना २० ते ४० पटींचा स्टिरिओ मायक्रोस्कोप (दोन्ही डोळ्यांनी बघायचा, वस्तू उठावदार दाखवणारा) पुरतो. मांडवी नदीच्या पाण्याच्या थेंबातले डायटम (काचेसारख्या कवचाचं एकपेशीय शेवाळ) बघायचे तर मात्र कंपाउंड मायक्रोस्कोपच (पातळ नमुन्यातून आरपार येणाऱ्या प्रकाशात बघायचा) हवा: ४, १० आणि ४० पटींची काचेची ऑब्जेक्टिव्ह (नमुन्याजवळची भिंगं), १० पटींचा आयपीस (डोळ्याजवळचं भिंग), म्हणजे ४०० पटींपर्यंत मजल. तेल लावून वापरायचं १०० पटींचं ऑब्जेक्टिव्ह सुरुवातीला नकोच.

दुकानात फाइन फोकस (चित्र बारकाईने स्पष्ट करायची चकती) फिरवून बघा. हात काढल्यावर चित्र सरकलं तर तो नग घेऊ नका. कंडेन्सरला (नमुन्यावर प्रकाश एकवटणाऱ्या भिंगाला) आयरिस डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाची वाट लहान-मोठी करणारा पडदा, हवाच. तो थोडा मिटला की पारदर्शक डायटमच्या कडा आणि अंगावरच्या बारीक रेघा उठून दिसतात, फोटोत जीव येतो! कॅमेऱ्यासाठी तिसरी नळी असलेला ट्रायनॉक्युलर उत्तम, पण तूर्तास मोबाइलचा अ‍ॅडॉप्टरही चालेल.

आपल्या गोव्यातल्या दमट पावसाळ्यात भिंगांना बुरशी लागते. ऑब्जेक्टिव्ह आणि आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा.