आखूड केसांच्या कुत्र्याची बारमाही केसगळती कशी आटोक्यात ठेवावी

आखूड केसांचं कुत्रं कमी केस गाळतं, हा समज आधी डोक्यातून काढा. लांब केस गळले तरी एकमेकांत अडकून बरेचसे अंगावरच राहतात. आखूड केस सुटला की थेट फरशीवर पडतो, आणि ताठ असल्यामुळे सोफ्याच्या कापडात सुईसारखा रुततो. लॅब्राडॉर, पग, बीगल यांच्या वरच्या केसांखाली मऊ लोकरीचा आणखी एक थर असतो, म्हणून त्यांची गळती जास्त. जुने केस जाऊन नवे येण्याचा हंगाम दिवसाच्या उजेडाच्या कमीजास्त लांबीवर ठरतो. रात्री अकरापर्यंत दिव्यांच्या उजेडात आणि कुलरच्या गारव्यात राहणाऱ्या कुत्र्याचा तो हंगाम वर्षभर पसरतो. गळती थांबवणारं औषध नाही. सुटलेला केस घरात पडण्याआधी आपण काढून घ्यायचा, एवढंच काम आहे.

ब्रश

आखूड, बोथट दातांचा रबरी ब्रश किंवा रबरी दाणे असलेला हातमोजा घ्या. तारांचा ब्रश आखूड केसांवर थेट कातडीला ओरखडतो. धातूच्या पात्याचं केस काढायचं अवजार लॅब्राडॉरसारख्या दाट लोकरीच्या कुत्र्याला महिन्यातून एकदा, हलक्या हाताने चालेल. डॉबरमन, बॉक्सर, डॅशहुंड आणि आपल्या पातळ केसांच्या गावठी कुत्र्यांना ते लावूच नका. त्यात चांगले केसही तुटतात आणि ढीग पाहून आपल्याला वाटतं, काम छान झालं.

विंचरणं: इथेच बहुतेकांचं चुकतं

गच्चीवर किंवा अंगणात बसा. खोलीत बसणार असाल तर पंखा आणि कुलर आधी बंद करा. अंग पूर्ण कोरडं हवं, कारण ओला केस कातडीला चिकटून राहतो.

डोक्याकडून शेपटीकडे लांब हात फिरवत राहिलं तर फक्त वरवरचे केस निघतात. मेलेली लोकर खाली तशीच राहते आणि तासाभरात गादीवर पडते. आधी मानेपासून सुरुवात करून लहान लहान गोल फिरवा, एका जागी आठ-दहा. गोल फिरवल्याने तळातले केस सुटून वर येतात. मग त्याच जागेवर केसांच्या दिशेने तीन-चार सरळ हात मारून ते गोळा करा आणि पुढे सरका: खांदे, पाठ, बरगड्या, शेवटी मांड्यांची मागची बाजू. मान आणि मांड्यांमागे सगळ्यात जास्त लोकर असते, आणि नेमक्या याच दोन जागा लोक घाईत सोडतात. पोट, काख आणि कोपरांवर ब्रश फक्त टेकवायचा.

दाब किती? तोच ब्रश स्वतःच्या हाताच्या आतल्या बाजूवर फिरवून बघा. तिथे जेवढा बरा वाटेल तेवढाच.

थांबायचं कधी, हे सगळ्यात महत्त्वाचं. केस येणं कधीच बंद होत नाही. "अजून येताहेत" म्हणून अर्धा अर्धा तास घासत बसलात तर कातडी लाल होते, कोंडा सुटतो, खाज येते आणि खाजवण्याने गळती आणखी वाढते. दहा मिनिटं, आठवड्यातून तीनदा. प्रत्येक हाताला निघणारा गुच्छ कमी होऊन सुटे केस यायला लागले की ब्रश खाली ठेवा. रविवारी तासभर घासून आठवडाभराची भरपाई होत नाही.

विंचरताना कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात गोचीड बघून घ्या.

आंघोळ

तीन-चार आठवड्यांतून एकदा, कुत्र्यांच्याच शाम्पूने. दर आठवड्याला धुतल्याने कातडीचं तेल जातं. मे महिन्यात नागपुरात दुपारी टाकीचं पाणी नळातून चटका देत येतं, म्हणून सकाळी आठच्या आत उरका. शाम्पू मगभर पाण्यात मिसळून ओता आणि फेसातच रबरी ब्रश पाच मिनिटं गोल फिरवा; भरपूर लोकर इथे सुटते. जाळीवर जुना कपडा ठेवा, नाहीतर मोरी तुंबेल. काखेतला आणि जांघेतला फेस पूर्ण निघेपर्यंत पाणी घाला. पावसाळ्यात टॉवेलने मुळापर्यंत कोरडं करा, पगच्या चेहऱ्याच्या घड्या तर वेगळ्याच पुसा, कारण दमट हवेत तिथे बुरशी धरते.

नवतपा आला म्हणून भादरू नका

नवतपा म्हणजे मे अखेरचे सगळ्यात कडक उन्हाचे दिवस. पारा पंचेचाळीसवर गेला की कुत्र्याचे सगळे केस काढायचा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. कुत्र्याला कातडीतून माणसासारखा घाम येत नाही, ते मुख्यतः धापा टाकून गार होतं. केसांचा थर उन्हाला अडवतो. भादरलेली कातडी भाजते, आणि लोकरीचे केस पुढे ठिगळासारखे उगवू शकतात. सावली, पाणी, कुलर आणि नेहमीचं विंचरणं पुरेसं आहे.

खाणं

केस प्रथिनांचा बनतो. पोळी-दूध आणि वरण-भातावर वाढवलेल्या कुत्र्याचे केस रुक्ष होऊन जास्त गळतात. उकडलेलं अंडं, बिनामसाल्याचं चिकन किंवा चांगलं तयार खाद्य हळूहळू सुरू करा. माशाचं तेल उपयोगी पडतं. मात्रा वजनावर डॉक्टरांकडून घ्या आणि फरक दिसायला दीड-दोन महिने द्या. जवसातला उपयोगी भाग कुत्र्याच्या शरीराला फार कमी वापरता येतो. लसूण घातलेली जवसाची चटणी तर अजिबात नको, कांदा-लसूण कुत्र्याला विषारी आहे. अंगाला खोबरेल चोपडूनही गळती कमी होत नाही, उलट कुत्रं ते चाटतं आणि धूळ चिकटते.

घर

झाडूने केस उडतात. आधी ओलसर पोछा फिरवा. सोफ्यावर रबरी हातमोजा किंचित ओला करून एकाच दिशेने ओढा. चादरी मशीनमध्ये टाकण्याआधी कोरड्याच झटका.

हे दिसलं तर ब्रश नको, डॉक्टर हवा

टक्कल पडलेले गोल चट्टे, दोन्ही कुशींवर सारखेच विरळ झालेले केस, काळी पडून जाड झालेली कातडी, वास, सतत खाजवणं. गोचीड, खरूज, बुरशी किंवा थायरॉइड, यांपैकी काहीही असू शकतं, आणि काही बुरशी घरातल्या मुलांनाही लागते. आठवडाभर वाट पाहू नका. नागपुरात सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तपासणीआधी घरचं कुठलंही मलम लावू नका, डॉक्टरांना कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते.