थंड पाण्यात मेटल डिटेक्टर चालवताना ऊब कशी टिकवावी

डिसेंबरच्या अखेरीस आणि जानेवारीत ग्वाल्हेरचे किमान तापमान अनेकदा ५ अंश सेल्सियसच्या खाली उतरते, आणि पाण्यात अंगठ्या हरवण्याचे दिवसही हेच असतात. कारण थंड पाण्यात बोटे किंचित बारीक होतात आणि एरवी घट्ट बसणारी अंगठी संक्रांतीच्या स्नानात नकळत सरकून जाते. अशी वस्तू शोधून देण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्याला कमरेइतक्या पाण्यात बराच वेळ उभे राहावे लागते, म्हणून त्याने यंत्राइतकाच विचार अंगातल्या उबेचा करावा.

स्थिर हवेच्या तुलनेत पाणी शरीरातील उष्णता सुमारे २५ पट वेगाने वाहून नेते. त्यामुळे जी १८ अंशांची हवा आपल्याला सुखद वाटते, तेच तापमान पाण्याचे असेल तर काही वेळाने हुडहुडी भरते. पोहणाऱ्याच्या शरीरात हालचालीमुळे थोडी तरी उष्णता निर्माण होते. परंतु शोध घेणारा यंत्राची तबकडी सावकाश फिरवत जवळजवळ एकाच जागी उभा असतो. गेलेली ऊब पाण्यात उभे राहून परत मिळत नाही, म्हणून ती आधीपासूनच राखावी लागते.

पाणी गुडघ्यापर्यंत किंवा मांडीपर्यंत असेल तर छातीपर्यंत येणारी जलरोधक विजार, म्हणजेच वेडर, पुरेशी होते. ती पाणी अडवते, पण पातळ कापडाची असल्यास थंडी अडवत नाही. म्हणून आत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे अंगालगतचे कपडे घालावेत. सुती कपडे घालू नयेत, कारण घामाने ओले झाल्यावर ते अंगाला चिकटून राहतात आणि उष्णता ओढून घेतात. वेडरवर कमरेला पट्टा घट्ट बांधलाच पाहिजे, म्हणजे पाय घसरल्यास पाणी आत भरण्याचा वेग कमी होतो.

पाणी कमरेच्या वर असेल तर माझी निवड निःशंकपणे ५ मिलिमीटर जाडीच्या वेटसूटची, म्हणजे निओप्रीन या स्पंजासारख्या रबराच्या अंगाबरोबर बसणाऱ्या पोशाखाची आहे. निओप्रीनमध्ये वायूचे सूक्ष्म बंदिस्त बुडबुडे असतात आणि ऊब मुख्यतः तेच राखतात; आत शिरलेला पाण्याचा पातळ थर अंगाच्या उष्णतेने कोमट होतो, मात्र सूट सैल असेल तर ते पाणी सतत बदलत राहते आणि सगळा फायदा वाया जातो. म्हणून उसना सूट घेण्यापेक्षा अंगाला नीट बसणारा घ्यावा. पाण्याबाहेरच्या भागावर वारा लागून तो ओला पृष्ठभाग झपाट्याने गार होतो, यासाठी वरून एक पातळ विंडचीटर घालावा.

सर्वांत आधी हात निकामी होतात. लांब दांड्याचे चाळणीदार फावडे वापरल्यास हात पाण्यात बुडवण्याची गरज फारशी उरत नाही, आणि माझ्या मते एवढा खर्च कोणत्याही महागड्या हातमोज्यांपेक्षा सार्थकी लागतो. तरीही ३ मिलिमीटरचे निओप्रीनचे हातमोजे जवळ असावेत. पायांत निओप्रीनचे बूट घालावेत. त्यांत मोज्यांवर मोजे कोंबू नयेत, कारण पाय आवळला की रक्ताभिसरण मंदावते आणि तो अधिकच गारठतो. हेडफोनच्या आत पातळ लोकरीची कानटोपी चालते.

धुके विरल्यावर, शक्यतो दुपारी १२ ते ३ या वेळेत उतरावे. आधी पोटभर जेवावे आणि थर्मासमध्ये गोड, गरम चहा न्यावा. मुरैन्याची गजक खिशात असल्यास उत्तमच, तीळ आणि गूळ दोन्ही या कामी येतात. मद्य मात्र मुळीच घेऊ नये, कारण त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ऊब बाहेर निसटते. पाण्यात शिरताना पहिली काही मिनिटे श्वास अडखळतो. तो स्थिर होईपर्यंत पुढे जाऊ नये.

दर १५-२० मिनिटांनी अंगठा त्याच हाताच्या करंगळीला लावून पाहावा. तो लागत नसेल तर यंत्र कितीही स्पष्ट संकेत देत असले तरी बाहेर यावे. काठावर सोबती असावाच. बोलणे अडखळू लागले, पावले लटपटली किंवा अंग गार असूनही कापणे थांबले, तर ते धोक्याचे लक्षण समजून तातडीने रुग्णालय गाठावे.

बाहेर आल्यावरही शरीराचे तापमान काही काळ घसरत राहते. म्हणून प्रथम वरचे ओले कपडे काढून अंग पुसावे, कोरडी लोकर आणि टोपी घालावी आणि मग पायांकडे वळावे. बधिर हात शेकोटीजवळ नेऊ नयेत, भाजलेले कळत नाही. ते चोळूही नयेत.

जागा निवडताना चंबळ पूर्णपणे वगळावी, कारण ते अभयारण्य आहे आणि तेथे मगरी आहेत. तिघरा धरण शहराला पिण्याचे पाणी पुरवते, त्यामुळे तेथे परवानगीशिवाय उतरू नये. जमिनीत दडलेली १० रुपयांहून अधिक मोलाची वस्तू सापडल्यास १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे बंधनकारक आहे.

घरी आल्यावर वेटसूट गोड्या पाण्यात खळबळून, उलटा करून सावलीत वाळत घालावा, कारण कडक उन्हाने निओप्रीन खराब होते. आतली बाजू वाळल्यावर तो सुलटा करावा. धुक्याच्या दिवसांत तो एका रात्रीत वाळत नाही आणि ओला सूट चढवला की पाण्यात उतरण्यापूर्वीच अंग गारठते. म्हणून दोन फेऱ्यांमध्ये किमान एक दिवस मोकळा ठेवावा.